आधी साखर किती वर्षांची, ते सांगा

वजन उतरवायच्या ऑपरेशनचं मला कोणी मोठ्यानं विचारत नाही. लिफ्टमधला तिसरा माणूस उतरला की, मुंजीच्या हॉलबाहेर चपला शोधता शोधता, नाहीतर ऑफिसच्या कँटीनमध्ये आवाज खाली आणून विचारतात. "तुम्ही ते वजनाचं ऑपरेशन करून घेतलंत ना? आमच्या एका मित्राला करायचंय. करावं का हो?" मित्र बहुतेक वेळा समोरच उभा असतो.

मी मुलुंडला राहतो, बँकेत नोकरी करतो. उंची पाच फूट सहा इंच, आणि त्या वेळी वजन शंभरच्या पुढे. मधुमेह होता, घोरणं असं की बायको उशी घेऊन हॉलमध्ये जायची. गॅस्ट्रिक बायपास करून घेतला, त्याला आता काही वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे "करा" किंवा "नका करू" असं कुणाला सांगत नाही. मी उलट विचारतो, साखर आहे का? असली तर किती वर्षांची?

यावर लोक जरा चमकतात. त्यांनी वजनाचं विचारलेलं असतं.

आपल्याकडे या ऑपरेशनची रांगेतली जागा ठरलेली आहे, सगळ्यात शेवटची. आधी भात बंद. मग सकाळी जिऱ्याचं पाणी. मग जिमची वर्षाची फी एकदम भरायची आणि तीन आठवडे जायचं. मग कुणाच्या तरी ओळखीतून आलेले पावडरचे डबे. "आणि अगदीच काही नाही झालं, तर ऑपरेशन आहेच की." ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. नुसतंच वजन असेल, तर थोडं थांबून फारसं बिघडतही नसेल. पण मधुमेह असताना असं थांबत गेलं, की ऑपरेशनची पाळी येते तोवर त्याचा साखरेवरचा उपयोग बराच ओसरलेला असतो.

कारण साधं आहे. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. मधुमेह चार-पाच वर्षांचा असेल, इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू झाली नसतील, तर ऑपरेशननंतर गोळ्या सुटण्याची शक्यता चांगली. पंधरा वर्षांचा मधुमेह असेल आणि रोज इन्शुलिन टोचावं लागत असेल, तरीही वजन उतरतं, बीपी सुधारतं, गुडघे आभार मानतात, साखरही बरीच ताब्यात येते. पण औषधं पूर्ण सुटतील, ही आशा धरू नये. सर्जन आधी सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी करायला सांगतात ती यासाठीच. शरीर स्वतःचं इन्शुलिन अजून किती बनवतंय, याचा तिच्यावरून अंदाज येतो.

माझी साखर मी हॉस्पिटलमधून घरी यायच्या आतच खाली आली होती. वजन तेव्हा जेमतेम हललं होतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करतात, त्यात दोन मोठे चमचे पाणी मावेल इतकाच. तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न सुरुवातीचा टप्पा गाळून पुढे उतरलं, की आतड्यातून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त सुटतात, आणि साखरेचा कारभार त्या दिवसांतच बदलायला लागतो. दुसरा प्रकार म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढूनच टाकतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. काढलेल्या भागातच भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. स्लीव्ह जरा सोपं, आतड्याला हात न लावणारं. पण ज्याला मुळात छातीत जळजळतं, आंबट पाणी वर येतं, त्याचा तो त्रास स्लीव्हनं वाढू शकतो. मला तो जुनाच होता, म्हणून बायपास.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अरे, धडधाकट पोट कापून घेणार तू?" तिचं पहिलं वाक्य तेच आणि शेवटचंही तेच. तिच्या पिढीला पोटाचं ऑपरेशन म्हणजे अपेंडिक्स, आणि तेही फुटायला आलेलं. मी तिच्याशी वाद घातला नाही. माझा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, नऊच्या वर होता आणि पोट धडधाकट वगैरे काही नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं.

धोका विचारतात तेव्हा मी लपवत नाही. अनुभवी हातांत या ऑपरेशनमध्ये दगावण्याचं प्रमाण हजारात एक ते तीनच्या आसपास सांगितलं जातं, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या पंक्तीतलं. टाक्यांच्या जागेतून गळती होणं, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हे क्वचित होतं, पण होतं. इथे कुणीतरी हमखास इमान अहमदचं नाव काढतं. इजिप्तची ही बाई २०१७ साली विमानानं मुंबईत आणली होती, वजन पाचशे किलोच्या घरात. चर्नी रोडला तिचं ऑपरेशन झालं, पुढे तिला अबू धाबीला नेलं आणि त्याच वर्षी ती तिथे वारली. तिच्यावरून तुम्ही स्वतःचं ठरवू नका. ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तुम्ही आता जिना चढून आलात.

आता आकड्यांचं. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. माझा छत्तीसच्या आसपास होता. आपल्या लोकांत त्याच बीएमआयला चरबी जास्त, आणि तीही पोटावर, त्यामुळे मधुमेह लवकर गाठतो. म्हणून भारतातले सर्जन पाश्चात्त्यांच्या जुन्या पट्टीपेक्षा खालची पट्टी धरत आलेत: नुसतं वजन असेल तर ३७.५, सोबत मधुमेह, बीपी, झोपेत श्वास अडकणं (स्लीप अॅप्निया) असं काही असेल तर ३२.५. मेडिक्लेमची पट्टी मात्र वेगळी. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित टाइप २ मधुमेह, स्लीप अॅप्नियाचा तीव्र प्रकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार यांपैकी काहीतरी. म्हणजे बीएमआय ३३ आणि साखर अडीचशे असलेल्या माणसाला डॉक्टर हो म्हणतील आणि विमा कंपनी नाही म्हणेल. खाजगीत हे काही लाखांचं काम आहे, तेव्हा हा फरक छोटा नाही.

शिवाय ३५ च्या अटीत आणखी एक मेख आहे. वजन कमी करायचे साधे उपाय आधी करून ते फसलेले असावे लागतात. तेव्हा डाएटिशियनची पावती, जुने रिपोर्ट, डॉक्टरांनी वजन लिहिलेल्या चिठ्ठ्या, काही फेकू नका. आमच्या घरी हे सगळं साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत कोंबलेलं होतं. टीपीएनं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेनं, दोनदा शंका काढली, दोन्ही वेळा त्या पिशवीतून कागद निघाला. एक तर चक्क जिमच्या प्रशिक्षकानं वहीच्या पानावर लिहून दिलेला आहार होता, "पोहे – १ वाटी" असा. तोही लावला.

एक विचारणा मात्र माझं डोकं फिरवते. "मुलीचं लग्न जमत नाहीये. स्थळं येतात, फोटो बघून गप्प होतात. तिचं करून टाकावं म्हणतो." मुलगी सव्वीसची, साखर नाही, बीपी नाही, बीएमआय २९. आई-बाप बोलतात आणि ती फोनमध्ये बघत बसलेली. अशा वेळी मी सरळ सांगतो की हे ऑपरेशन त्या मुलांच्या नजरेवर होत नाही. आणि लग्न होऊन लगेच मूल हवं असेल, तर ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नका असं सांगतात, याचा विचार केलाय का? नसतो केलेला.

नजरेचं मलाही ठाऊक आहे. लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा बसणार, हा मुंबईचा अलिखित कायदा. मी बसलेला असलो की चौथ्याच्या वाट्याला वीतभर कड उरायची. घाटकोपरला चढलेला माणूस "जरा सरका" म्हणायला तोंड उघडायचा, माझ्या मांड्यांकडे बघायचा आणि उभाच राहायचा. आता चौथी सीट मी घेतो, अगदी हक्कानं. मजा वाटते, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यासाठी मी टेबलावर आडवा झालो नसतो.

कारण नंतरचं आयुष्य हे खरं ऑपरेशन आहे, आणि त्याबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात. सुरुवातीला नुसती पातळ पेयं, मग गाळलेलं, मग मऊ. नेहमीच्या जेवणावर यायला महिना-दीड महिना सहज जातो. जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी-नंतर अर्धा तास सोडायचा. ताटात पहिला घास प्रथिनांचा: मासा, अंडं, पनीर, घट्ट वरण. दिवसाला साठ ग्रॅमच्या खाली जायचं नाही. मग भाजी. पोळीचा चतकोर नंतर, आणि भात उरलेल्या जागेत, जी बहुधा उरत नाही. वड्यातलं सारण जातं, पाव घशाखाली लगदा होऊन अडतो. सुरुवातीच्या महिन्यांत केस गळतात, इतके की बाथरूमची जाळी रोज साफ करावी लागते. ते पुन्हा येतात. कातडी लोंबते, ती पुन्हा आवळत नाही. झपाट्यानं वजन उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात. दारू झटकन चढते आणि काहींना नव्यानं तिची सवय लागते. ज्यांची आधीच रोजची बैठक आहे, त्यांनी ही गोष्ट सर्जनपासून लपवू नये.

गोडाचं वेगळंच. एका गणपतीत गिरगावला मामाकडे गेलो. पानात दोन उकडीचे मोदक, वर तुपाची धार. एक खाल्ला, दुसरा फोडला, आणि थोड्याच वेळात कपाळावर घाम, छातीत धडधड, हात गार. गूळ-साखर अशी एकदम आतड्यात उतरली की असं होतं, डंपिंग म्हणतात त्याला. मामी वाडगा घेऊन "अजून एक घे रे, एवढ्यानं काय होतंय" म्हणत समोर उभी, आणि मी भिंतीला टेकून आरतीची वाट बघतोय. अर्ध्या-पाऊण तासात उतरलं. तेव्हापासून मी अर्धा मोदक खातो, सावकाश, जेवणाच्या शेवटी.

आणि गोळ्या. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह, बी-१२, आयुष्यभर. दर वर्षी रक्त तपासून घ्यायचं. बायपासनंतर बी-१२ नीट शोषलं जात नाही. आपल्याकडच्या शाकाहारी माणसांत तर ते आधीच कमी. दुर्लक्ष केलं तर हातापायाला मुंग्या येतात आणि पुढे नसांचं कायमचं नुकसान होतं. गुडघा दुखला म्हणून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून कॉम्बिफ्लाम घेणंही बंद, कारण नव्या जोडावर अल्सर होतो. विडी-सिगारेटनंही तोच होतो. ज्यांना बीपीच्या एका गोळीची रोज आठवण करून द्यावी लागते, त्यांना मी आधी सहा महिने तीच गोळी न चुकता घेऊन बघा म्हणतो. कधीकधी राग येतो त्यांना.

साखर कायमची गेली का, असंही विचारतात. माझी आत्ता गोळ्यांशिवाय आहे, पण मी तिला गेली म्हणत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेल्या लोकांचा मोठा अभ्यास चालला. त्यात मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचा दोन वर्षांनी शमला होता आणि दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचा तसाच शमलेला होता. तेव्हाच्या शस्त्रक्रिया आजच्यापेक्षा वेगळ्या होत्या, तरी कल बघून ठेवावा. मला ३६ टक्क्यांचाही मोह पडला. दहा वर्षं डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा साखरेत मुरत नाहीत, हे माझ्या हिशेबात पुष्कळ होतं.

डॉक्टर कोणता, याचं उत्तर मी देत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला एकच ऑपरेशन सुचवणाऱ्याकडून मात्र उठून या. आणि पाच वर्षांपूर्वीचे त्यांचे किती पेशंट अजून तपासणीला येतात, ते विचारा. पहिल्या वर्षाचे फोटो सगळ्यांकडेच छान असतात.

मार्च २०२५ मध्ये माउंजारो हे साखर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं आणि विचारणाऱ्यांची भाषा बदलली. आता "ऑपरेशन करू का" नसतं, "इंजेक्शन असताना ऑपरेशन कशाला" असतं. प्रश्न रास्त आहे. मोठ्या डोसवर दीड वर्षाच्या आसपास सरासरी पाचवा हिस्सा वजन उतरल्याचं चाचण्यांत दिसलंय, आणि पूर्वीच्या कुठल्याही औषधानं हे जमलं नव्हतं. मळमळ, बद्धकोष्ठ होतं, पण टाके नाहीत. बंद केलं की वजन बरंचसं परत येतं, म्हणजे खर्चही चालूच. माझा मेव्हणा ठाण्याला असतो, मधुमेह दोन वर्षांचा, बीएमआय ३१. त्यानं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, तू इंजेक्शनच घे, डॉक्टर म्हणतायत तर. तो घेतोय, पँटची कंबर आत घ्यायला टेलरकडे जाऊन आला. पण एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घेतलीय. इंजेक्शन परवडेनासं होऊन साखर पुन्हा वर चढली, तर भात बंद आणि जिऱ्याच्या पाण्यापासून सगळी रांग नव्यानं लावत बसायचं नाही. तेव्हा सी-पेप्टाइड करून सरळ सर्जनकडे जायचं, त्याच वर्षी.