तुम्ही विचारलंत म्हणून: एकटीच का, आणि तेही पहाटे?

ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आणि मागच्या आठवड्यात तर दाताच्या डॉक्टरकडे, माझं तोंड उघडं असताना. प्रश्न तोच. "धबधब्याचे फोटो काढायला तू एकटीच जातेस म्हणे? पहाटे? काहून पण?"

एकदाचं सगळं लिहून टाकते. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

पहिले हे सांगते की घरात काही बिनसलेलं नाही. नवरा चांगला आहे, पोरगा बारावीला आहे, सासूबाई स्वतः मला ठेपले बांधून देतात. मी कशापासून पळून जात नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता बोलताना मलाच ते संशयास्पद ऐकू येतं, पण खरं तेच आहे.

पहाटेचं उत्तर सोपं आहे. जंगलातला धबधबा म्हणजे अंधारी घळ, ओला काळा दगड आणि मधे पांढरं पाणी. सूर्य वर आला की झाडांच्या फटीतून उन्हाचे तुकडे पडतात, पाण्यावर पडलेला तुकडा पांढराफटक होऊन जातो आणि बाजूचा दगड काळाठिक्कर, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. ऊन पोचायच्या आधी उजेड सगळीकडे सारखा असतो. कमी असतो, पण मला कमीच पाहिजे, कारण पाण्याची धार लांब आणि मऊ यायला शटर अर्धा सेकंद, एक सेकंद, कधी त्याहून खूप जास्त उघडं ठेवावं लागतं. दुपारी एनडी फिल्टर लावून उजेड कमी करता येतो पण उन्हाचे ते तुकडे कोणत्याच फिल्टरने जात नाहीत. शिवाय वारा. पहाटे पानं बऱ्यापैकी स्थिर असतात, नंतर हलायला लागतात, आणि एका सेकंदाच्या फोटोत हललेलं पान म्हणजे नुसता हिरवा डाग. पोलरायझर लावून हळूहळू फिरवला की ओल्या पानांवरची चमक जाते आणि खालचा खरा हिरवा वर येतो, तो क्षण मला इतका आवडतो की कधी कधी शटर न दाबता नुसती फिरवत बसते.

ढगाळ दिवशी तर दिवसभर उजेड चांगला असतो ना, असं एक जण म्हणाला. बरोबर आहे त्याचं. पण दिवसभर माणसंही असतात. श्रावणातल्या रविवारी दहानंतर पारशिवनीजवळच्या घोगऱ्याला किंवा गोंदियाकडच्या हाजरा फॉलला जाऊन बघा, पाण्याच्या समोर ओल्या बनियनवरचे पोट्टे, ब्लूटूथ स्पीकर आणि चिप्सची रिकामी पाकिटं. त्यांनीही यावं, धबधबा काही माझा नाही. मी फक्त आधी येऊन जाते.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात की नागपूरला धबधबे कुठून आले. शहरात नाहीतच. पण जरा बाहेर निघालं की सातपुडा आहे ना. कुकडीखापा छिंदवाड्याकडे, मुक्तागिरी बैतूल जिल्ह्यात पण परतवाड्याहून जवळ, तिथे 52 जैन मंदिरांच्या शेजारून पाणी खाली येतं. हाजरा फॉल दरेकसा स्टेशनवर उतरून पायी गाठता येतो. आणि माझं सगळ्यात लाडकं चिखलदरा, 1118 मीटर उंचीवर, नागपूरहून साधारण 230 किलोमीटर. आमचा पाऊस सह्याद्रीसारखा महिनोन्‌महिने कोसळत नाही. जुलै ते सप्टेंबर हाच खरा सीझन, ऑक्टोबर सरता सरता कित्येक ठिकाणी नुसते ओले दगड उरतात. नोकरी करणाऱ्या बाईच्या हाती त्यातले किती शनिवार-रविवार लागतात तुम्हीच बघा, आणि त्यातला एकही मला "अजून कोण कोण येतंय" यात घालवायचा नाही.

म्हणजे आलो आपण एकटीच का यावर.

मैत्रिणींना नेऊन पाहिलं. एका फ्रेमला मी वीस-वीस मिनिटं घेते, लेन्सवर तुषार येतात, पुसते, परत येतात, परत पुसते, धुकं येतं, थांबते. मैत्रीण बिचारी काही बोलत नाही, पण तिचं थांबणं मला ऐकू येतं. मग मी घाई करते आणि घाईतला फोटो मला घरी येऊन बघवत नाही. नवराही आला एकदा. भर पावसात छत्री घेऊन उभा राहिला, माझ्या डोक्यावर धरून. कॅमेऱ्यावर नाही, माझ्या डोक्यावर. प्रेम कळतं हो मला. लेन्सवर थेंब होते.

आणि दिवसभर मी काउंटरवर बसते, काचेपलीकडून लोक सतत माझ्याशी बोलतात. मला तीन तास कोणाशीही न बोलता पाहिजे असतात. याच्यात दुःख शोधू नका.

भीती वाटते का? वाटते ना. मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, वाघ आहे, बिबट्या आहे आणि मला सगळ्यात जास्त धाक अस्वलाचा. गेटच्या आत पायी जाता येत नाही आणि मी जातही नाही, गावालगतच्या रस्त्यांवरून जेवढं गाठता येतं तेवढंच. जिथे मुक्काम असतो तिथल्या काकूंकडे कागदावर लिहून ठेवते, कुठे चालले आणि किती वाजता परत येणार. नाल्यात उतरल्यावर पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पानं वाहत यायला लागली की वर कुठेतरी जोराचा पाऊस झालेला असतो, तेव्हा फोटो अर्धा सोडून ट्रायपॉड उचलायचा आणि वर यायचं. एवढी काळजी मी घेते. पण "भीती वाटत नाही का" विचारणाऱ्यांच्या मनात अस्वल नसतंच, माणूस असतो, आणि ते मलाही माहीत आहे.

तर आता त्या सकाळबद्दल. अर्धी गोष्ट कोणाकोणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोचली आहे, आणि त्यानंतर हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो.

श्रावण होता, चिखलदराच. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मोठ्या पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला एक नाला आहे, तो थोडा पुढे जाऊन कड्यावरून खाली पडतो. पावणेपाचला निघाले. धुकं एवढं की डोक्यावरच्या टॉर्चचा उजेड पुढे जाण्याऐवजी परत डोळ्यांवर यायचा, शेवटी टॉर्च हातात खाली धरून चालले. नाला ओलांडताना बुटात पाणी गेलं. पलीकडे पोचल्यावर बूट काढले, मोजे पिळून दगडावर टाकले, बूट शेजारी शेजारी ठेवले, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बुटांवर ठेवला. कॅमेरा खाली दोन दगडांच्या मधे, ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकवलेला, वरून काळं रेनकव्हर. मी त्याच्या मागे उकिडवी, कड्यापासून दहा-बारा फुटांवर, हातात रिमोटची वायर. चाळीस सेकंदांचं एक्स्पोजर होतं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं. तीस सेकंदांच्या पुढे माझा कॅमेरा स्वतः मोजत नाही, 'बल्ब' मोडवर टाकून, म्हणजे आपण सोडेपर्यंत शटर उघडं ठेवून, आपणच मोजावं लागतं, म्हणून मी मोजत होते. मोठ्यानं.

वरच्या रस्त्यावरून यातला कॅमेरा दिसत नव्हता. दिसत होती एक बाई, अनवाणी, कड्याजवळ, काढून ठेवलेले बूट, त्यांवर फोन, आणि हलणारे ओठ.

दुधाच्या कॅन लावलेली मोटारसायकल थांबल्याचं मी ऐकलं पण वळून पाहिलं नाही. मग मागून आवाज आला, एकदम हळू, "ताई, च्या घेता का?"

"नको भाऊ."

"घ्या ना. थर्मासमंधी आहे, गरम आहे."

"एकतीस, बत्तीस... नको म्हटलं ना, मोजतेय मी."

"काय मोजून राहिल्या?"

"सेकंद."

हे ऐकून तो मटकन खालीच बसला. पन्नाशीचा असेल, डोक्यावर पोत्याची खोळ. चिखलदऱ्याला जो खवा आणि रबडी तुम्ही खाता ना, त्याचं दूध याच लोकांचं, गवळी. त्याच्यासोबत चौदा-पंधरा वर्षांचा पुतण्या होता, तो माझ्या बाजूनं वळसा घालून गेला आणि थेट माझ्या आणि कड्याच्या मधे जाऊन उभा राहिला. म्हणजे थेट माझ्या फ्रेममध्ये. स्लिपरा घालून, शेवाळलेल्या दगडावर.

"बाळा, बाजूला हो."

"नाही होत."

"अरे पडशील तू!"

"काका म्हणे हालू नको."

काकांचं इकडे सुरूच. लेकरं किती, एक, किती मोठं, बारावीला, "मंग त्याची तं परीक्षा असंन", घरी सासू बरी आहे का, मालक काय करतात. मी म्हटलं, "भाऊ, पाया पडते, माझा उजेड चाललाय." तर हा माणूस हात जोडून म्हणतो, "उजेड कुठी नाही जात ताई, उजेड येऊनच राहिला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं की हे काय समजले आहेत. मी उठून रेनकव्हर काढलं आणि कॅमेरा दाखवला. दोघं बघतच राहिले. पोरगं पहिले हसलं, मग मी हसले, पोट धरून हसले, काकांच्या थर्मासच्या झाकणात चहा घेतला तोही हातातून सांडला. काका मात्र हसले नाहीत. ते माझ्या बुटांकडे बघत होते.

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी, तिथंच थोडं पुढं, चपला आणि त्यावर ठेवलेला मोबाइल त्यांनी जाता जाता रस्त्यावरून पाहिला होता. पोरगी उभी दिसली होती. हॉटेलवाल्यांना दूध सातच्या आत लागते, त्यांना वाटलं टुरिस्ट असंन, गेले पुढे. "दूध टायमावर पोचलं त्या दिवशी," ते म्हणाले. एवढंच. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या दिवशी त्यांचं दूध उशिरा पोचलं असणार. पाऊण तास ते बसले होते माझ्याजवळ.

मी नागपूरला परत येईपर्यंत आणि नंतरही बरेच दिवस चिडलेली होते. त्यांच्यावर नाही म्हणता येणार, पण चिडलेली होते. बाई एकटी दिसली की तिचं काहीतरी मोडलेलंच असणार, हे का? माझ्या जागी बाप्या असता तर "फोटोवाला दिसते" म्हणून गेले असते पुढे, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "गेले असते, आणि एखाद वेळी तोही खरंच..." मी म्हटलं बस. त्याचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आजही दोन्ही बरोबर आहे असंच मला वाटतं. एकटेपणा हवा असलेल्या माणसाला माणसांनी एकटं सोडावं, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण एकटं सोडल्यावर काय झालं होतं ते काकांनी पाहिलेलं होतं, मी नाही. त्यांनी पुढच्या वेळी विचारू नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आणि दर वेळी कोणीतरी माझी चौकशी करत माझ्या उजेडात उभं राहावं, हेही मला नको आहे. याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळ असेल तर तुम्ही मला सांगा, दर वेळी मीच काय उत्तरं देऊ.

फोटोचंही तेच. पुतण्या फ्रेममध्ये येण्याआधीचा एक आला होता, तो मी काकांना स्क्रीनवर दाखवला. त्यांनी नीट बघितला आणि म्हणाले, "हे तं दूध सांडल्यावानी दिसते. पाणी असं नसते ताई." चाळीस सेकंदांचं पाणी आहे ते, मी समजवायला गेले, इतका वेळ साचलेलं पाणी एका चित्रात आहे, डोळ्याला दिसत नाही ते कॅमेरा दाखवतो वगैरे. हे मी कित्येक जणांना ऐकवलंय आणि मला ते पटलेलंही आहे. पण जन्मभर रोज पहाटे पाण्याच्या बाजूनं जाणारा माणूस म्हणत होता की पाणी असं नसतं. आता मी प्रत्येक ठिकाणी एक फोटो एक अष्टमांश सेकंदाचाही काढते, त्यात धारा सुट्या दिसतात, दगडावर आपटलेलं दिसतं. पहिलेची मी म्हणते हे कोणीही काढेल, मोबाइलवर निघतं. आत्ताची मी दोन्ही प्रिंट समोरासमोर लावून बघत बसते आणि दर आठवड्याला मत बदलते.

येत्या श्रावणात परत तिथंच जाणार आहे. एकटी, पहाटे. कोणाला यायचं असेल तर या, पण पावणेपाचला निघते आणि कोणासाठी थांबत नाही, आणि परत येईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही.

आईला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ती हे वाचणार आणि रात्री फोन करणार, म्हणून इथंच सांगते. आई, मी ठीक आहे, तो माणूस खूप चांगला होता, आणि हो, बूट आता बॅगेत ठेवते.