आमची वाटचाल : जुन्या वाड्यांचं लाकूड आणि आम्ही

आमचा धंदा जुन्या लाकडाचा. आजोबांनी सुरू केला तो पानशेतच्या पुरानंतर. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे बसले, मातीच्या भिंती विरघळून गेल्या पण सागाच्या तुळया चिखलात तशाच पडलेल्या. आजोबांनी त्या विकत घेऊन हातगाडीवरनं भवानी पेठेत आणल्या, धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि घनफुटाच्या भावाने विकल्या.

वडिलांच्या काळात वाडे पुराने नाही तर बिल्डिंगसाठी पडायला लागले. यात मी कोणाला नावं ठेवत नाही, कारण आत जाऊन बघितलंय, चार बिऱ्हाडांत एक संडास, पावसाळ्यात गळणारी कौलं, जिन्यावर कायम अंधार. त्या माणसांना चांगलं घर मिळायलाच हवं होतं. आम्ही ठोक भावात माल उचलायचो, खांब, महिरपी, कडीपाट (म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत), दिंडी दरवाजे (मोठ्या दारातच ये-जा करायला छोटं दार असलेले), आणि गिऱ्हाईक येईल तसं विकून टाकायचो. कुठला खांब कुठल्या वाड्यातला याची एका ओळीची नोंद नाही.

मग एकदा एक आजी मुलाला घेऊन आल्या. त्यांच्या वाड्याचा दरवाजा वडिलांनी विकला होता, तो कुठे आहे, फक्त एकदा बघायचाय म्हणाल्या. आम्हाला सांगता आलं नाही. वडील त्या दिवशी जेवले नाहीत, हे मी विसरणार नाही.

तेव्हापासून वहीत नोंद सुरू केली. आता वाडा उतरवायच्या आधी (आम्ही पाडणं म्हणत नाही) आम्ही टेप घेऊन खणन् खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) मोजतो, फोटो काढतो आणि प्रत्येक लाकडावर खडूने नंबर टाकतो. ही अक्कल तशी जुन्या सुतारांचीच. शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात खांबाचं कूस, म्हणजे तुळईच्या खाचेत बसणारं निमुळतं टोक, खाचेतून ओढून काढलं तर कुसावर पटाशीने कोरलेला मोडी आकडा होता आणि वरच्या तुळईच्या खाचेशेजारी तोच आकडा, म्हणजे कुठला खांब कुठे बसवायचा याची त्यांची खूण. एकही लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. आतलं लाकूड पिवळंधमक आणि सागाचा वास येत होता अजून! मी तो सांधा विकलेला नाही, वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना शिकवायला ठेवलाय. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब कसे असतात असं कोणी विचारलं की मात्र मी सरळ विश्रामबागवाड्यासमोर नेऊन उभं करतो, १८०७ चं काम आहे, बघत राहावं असं.

मेट्रोच्या कामाची वर्षं फार जड गेली. मंडईजवळ बॅरिकेड, टेम्पो गल्लीत शिरेना, बारा फुटी तुळई रात्री चौघांनी खांद्यावरून मेन रोडला आणायची. दोन चांगले सुतार सोडून गेले, त्यांचाही दोष नव्हता. पण २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाला आणि आता आमचा एक कारागीर पिंपरीहून बसतो आणि मंडई स्टेशनला उतरून चालत वर्कशॉपला येतो, आधी बस बदलत दीड तास जायचा त्याचा. मेट्रो हवीच होती असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त स्टेशनजवळ एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण, जास्त मिळतो, त्यामुळे पेठांमधले उरलेले वाडे आता झपाट्याने जाणार आणि आमच्याकडे माणसं मोजकीच आहेत.

म्हणून जो बिल्डर तयार होतो त्याला आम्ही सांगतो की निदान दिंडी दरवाजा आणि गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी) नव्या बिल्डिंगच्या एंट्रन्सला लावा, डागडुजी आम्ही मजुरीच्या खर्चात करून देतो. आतापर्यंत तीन ठिकाणी लागलेत. शेजारी छोटी पाटी लावतो, वाडा कुठला, किती खणी, कधी उतरवला.

तुमचा वाडा जाणार असेल तर लाकूड आम्हाला विकू नका हवं तर, पण जेसीबी यायच्या आधी चार दिवस कळवा, मोजमाप आणि फोटो आम्ही येऊन घेऊ, त्याचे पैसे घेत नाही.