सात महिने, ब्रेक, पुन्हा सात महिने

चाकणमध्ये तिशीतला कुणीही आयटीआयवाला गाठा आणि विचारा, आजवर किती कंपन्या केल्या. तो लगेच आकडा सांगणार नाही. आधी विचारेल, "कॉन्ट्रॅक्टर धरून, का कंपनी धरून?" दोन्हींचा हिशोब वेगळा येतो. एकाच कंपनीत तीन वेगवेगळ्या कॉन्ट्रॅक्टरांकडून राबलेले आहेत आणि एकाच कॉन्ट्रॅक्टरच्या पासवर चार गेटं फिरलेलेही आहेत. माझ्या खात्यात दोन्ही आहे.

मी टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा. लातूर आयटीआय, 2012 ची बॅच. गाव औसा तालुक्यात, घरी सोयाबीन-तुरीचं कोरडवाहू रान. एक वर्ष अप्रेंटिस केली आणि मग इकडच्या सगळ्या पोरांसारखा महाळुंग्याला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त एका खाटेपुरतं भाडं देऊन, येऊन पडलो. एका खोलीत सहा जण, तीन शिफ्टा, त्यामुळे गाद्या कधी गार व्हायच्याच नाहीत.

ज्यांना एमआयडीसीचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपनी स्वतःच्या रोलवर, म्हणजे स्वतःच्या पटावर, माणूस घेत नाही, कॉन्ट्रॅक्टरकडून घेते. घेते ती सात महिन्यांसाठी. सात महिने भरले की ब्रेक. पास, सेफ्टी शूज, दोन युनिफॉर्म जमा करायचे, फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर सही करायची आणि घरी जायचं. महिना-दोन महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरचा फोन आला तर आला. आला तर पुन्हा पहिल्यापासून मेडिकल, इंडक्शन, नवा पास. तीच लाईन, तीच मशीन, आणि आपण नवीन जॉइनिंग.

सातच का? कारण कायद्यात 240 दिवसांचा आकडा आहे. वर्षभरात तेवढे दिवस सलग भरले की माणूस कायम होण्याचा दावा सांगू शकतो. सात महिने म्हणजे साधारण 210 दिवस. मध्ये सुरक्षित अंतर राहतं. माणसाला वर्षानुवर्षं असं टेंपररी ठेवून कायमपणाचे हक्क बुडवणं याला आपल्याच राज्याच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हटलेलं आहे. पण ते सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं, आणि कोर्टात जाणाऱ्याला पुढचा फोन येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड लागू झाले तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले होते. मुदतीच्या कामगाराला आता वर्षभरातच ग्रॅच्युइटी! वर्षभरात. आमचं वर्ष सात महिन्यांचं असतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तर माझ्या बायोडाट्यातली बहुतेक भोकं अशी पडलेली आहेत. सगळी नाहीत. मधलं एक वर्ष मी नीम योजनेत, म्हणजे पोरांना शिकाऊ म्हणून कंपन्यांत लावायच्या सरकारी योजनेत, ट्रेनी होतो. काम ऑपरेटरचंच, थर्ड शिफ्टसुद्धा केली, पण ट्रेनी म्हणजे कामगार नव्हे, म्हणून पीएफ नाही. त्या वर्षी मी जिवंत होतो याला बँकेचं स्टेटमेंट सोडून पुरावा नाही. 2020 चा लॉकडाऊन ब्रेकच्या मधोमध आला, फोन करणारा सुपरवायझर स्वतःच गावी निघून गेला. 2021 ला वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ सुरतेला, बहीण सासरी, मग मीच थांबलो. सकाळी दवाखाना, दुपारी रान, संध्याकाळी त्यांच्या हातात रबरी चेंडू देऊन दाबायला लावायचं. तिथं जवळपास वर्ष गेलं. त्या वर्षाबद्दल मला कुणी काही विचारावं असं वाटत नाही, पण विचारतात.

मुलाखतीत विचारतात ते एक, आणि सोयरीक जमवताना विचारतात ते त्याहून वाईट. "मुलगा कंपनीत आहे" इथपर्यंत मुलीकडचे खूश. "परमनंट का?" म्हटलं की माझे चुलते चहाची बशी न्याहाळायला लागायचे. माझं लग्न शेवटी जमलं ते मी ब्रेकवर गावाकडं होतो म्हणून, सोयाबीन काढणीच्या वेळी. सासरे म्हणाले, पोरगा रानात दिसला, बरं वाटलं. ब्रेकचा तेवढा एक फायदा लिहून ठेवायला हरकत नाही.

तिशी ओलांडल्यावर खरी गंमत सुरू झाली. चाकणच्या जाहिराती बघा: आयटीआय सर्व ट्रेड, वय 18 ते 28, फ्रेशर चालेल, बस-कॅन्टीन फ्री. लाईनवर बटण दाबायला वीस वर्षांचा पोरगा स्वस्त पडतो, आणि तो ब्रेक कशाला म्हणून विचारत नाही. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला मी म्हातारा, आणि कंपनी रोलसाठी अर्ज केला की तिथं अनुभव तुटक.

एका मोठ्या कंपनीत कंपनी रोलच्या जागा निघाल्या होत्या. तिच्याच मशीन शॉपमध्ये मी दोन वेळा सात-सात महिने काढलेले. एचआरच्या मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या, पाणी वगैरे दिलं. माझा कागद बघून म्हणाल्या, "तुमची स्टॅबिलिटी दिसत नाही हो. सारखे सोडताय." मी म्हटलं, मॅडम, यातले दोन ब्रेक तुमच्याच गेटवरचे आहेत. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये माझं नाव टाकून बघितलं. नव्हतं. मी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस होतो, त्यामुळे त्यांच्या सिस्टिमसाठी तिथं आलेलोच नव्हतो. शॉपमध्ये जाऊन कुठल्या मशीनचं दार नीट लागत नाही ते मी त्यांना दाखवू शकलो असतो, पण व्हिजिटर पासवर तेवढं आत सोडत नाहीत.

त्यानंतर मी बसून कागद नीट लावले. यात दोन-तीन गोष्टी अशा कळल्या ज्या आधी कुणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीएफच्या साईटवर यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर, टाकून लॉगिन केलं की सर्व्हिस हिस्टरी दिसते. तिथं कंपनीचं नाव नसतं, कॉन्ट्रॅक्टरच्या फर्मचं असतं. कुठं ट्रॅक्टर बनवला आणि पान म्हणतं अमुक एंटरप्रायझेस, जिचं ऑफिस तळेगाव चौकातल्या एका गाळ्यात होतं आणि आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. माझ्या एका नोंदीत सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती. म्हणजे कागदोपत्री मी तिथं अजून कामाला, आणि त्याच वेळी दुसरीकडेही. नवीन ठिकाणी बॅकग्राउंड चेक करणाऱ्याला हे दिसलं की तो समजतो माणूस लबाड आहे. ही तारीख कॉन्ट्रॅक्टरनेच भरायला पाहिजे असं मला वाटायचं. तसं नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की मॅनेज मेनूमध्ये मार्क एक्झिट करून आपण स्वतः भरू शकतो. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, झालं. फक्त तारीख नीट बघून टाका, एकदा टाकली की आपल्याला बदलता येत नाही.

दुसरं म्हणजे ब्रेक लागला की पीएफ काढायची आमच्याकडे रीतच आहे. खोलीवर कुणाचा ब्रेक झाला की बाकीचे विचारतात, "टाकला का क्लेम?" फॉर्म 19 बरोबर 10सी पण भरून टाकतात. 19 म्हणजे आपली जमा रक्कम. 10सी म्हणजे पेन्शनचा भाग, आणि त्याचे पैसे उचलले की तेवढी नोकरी पेन्शनच्या हिशोबातून पुसली जाते. पेन्शनला 10 वर्षं लागतात. सलग लागत नाहीत! तुकड्यातुकड्याने जोडून चालतात. माझा एक रूममेट, निलंग्याचा, भरपूर वर्षं काम करून आज पेन्शनच्या दृष्टीने शून्यावर उभा आहे, कारण दर ब्रेकला मेसचं बिल 10सीतून भागलं. त्याला नाव ठेवत नाही. मेसवाला थांबत नसतो.

तिसरं, पगाराच्या स्लिपा. कॉन्ट्रॅक्टर अनुभवाचा दाखला देत नाही, मागितला तर "कशाला पाहिजे तुला, कामावर तर मीच लावतो" म्हणतो. पण प्रत्येक ठिकाणची पहिली आणि शेवटची स्लिप जपून ठेवली तर तारखा सिद्ध होतात. पासचा फोटो काढून ठेवायचा, जमा करायच्या आधी.

मग बायोडाटा बदलला. आधी कंपन्यांची यादी होती, तारखांसकट, आणि ती बघून कुणालाही धाप लागावी. आता वरती मशीन लिहिली: सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) टर्निंग, फॅनुक आणि सीमेन्स कंट्रोल, सेटिंगसह; साधा लेथ; मायक्रोमीटर, बोअर गेज, ड्रॉइंग रीडिंग. त्याखाली एका ओळीत, चाकण-रांजणगाव भागात कंत्राटी नेमणुका, प्रत्येकी 7 महिने. वडिलांचं वर्ष स्वतंत्र लिहिलं, आजारपण आणि शेती असं. लपवलं की तिथंच बोट ठेवतात.

आणि चाकणच्या मोठ्या गेटांचा नाद सोडून भोसरीला गेलो. टेल्को रोडच्या आतल्या बाजूला, सेक्टर 10 मध्ये, गाळ्यागाळ्यांत छोटी वर्कशॉप आहेत, मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडरांचे व्हेंडर. तिथं एचआर नसतं. शटर अर्धं वर असतं, आत कूलंटचा वास, आणि शेठ स्वतः हातात जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, घेऊन उभे. दारावर पाटी असते, सीएनसी सेटर पाहिजे. सेटर पाहिजे, ऑपरेटर नव्हे. सेटर मशीन जॉबसाठी लावून देतो, ऑपरेटर लावलेल्या मशीनचं बटण दाबतो. मोठ्या लाईनवर सेटिंग कंपनीचा माणूस करतो, त्यामुळे सात-सात महिनेवाल्यांतले पुष्कळ जण बटणावरच राहतात. मी थर्ड शिफ्टला एका मामांच्या मागे लागून सेटिंग शिकलो होतो. मामांना झोप पाहिजे होती, मला शिकायचं होतं, दोघांचंही काम झालं.

एका शेठनी बायोडाटा घेतला, उलटा करून मशीनवर ठेवला आणि त्यावरच ड्रॉइंग ठेवलं. "हा शाफ्ट. बेअरिंग सीट 40 चा, टॉलरन्स 16 मायक्रॉन. सॉफ्ट जॉ बोअर करण्यापासून तूच कर." म्हणजे व्यास 40 मिलिमीटर, आणि त्यात सगळी मिळून 0.016 मिलिमीटरचीच सूट. जॉ म्हणजे जॉब धरणारे जबडे.

जॉ बोअर केले, जॉब धरला, डायल लावून रनआउट, म्हणजे जॉब फिरताना डगमगतो का ते, बघितला. टूलचे ऑफसेट, म्हणजे कुठलं टूल नेमकं कुठं आहे ते मशीनला सांगणारे आकडे, घेतले. पहिल्या पीसला वेअर ऑफसेटमध्ये 0.3 मिलिमीटर जास्त टाकून ठेवलं, म्हणजे मटेरियल शिल्लक राहतं, जॉब रिजेक्ट होत नाही. मापून तेवढा कट पुन्हा मारला. दार उघडलं. शेठ शेजारी मायक्रोमीटर घेऊन तयारच होते, म्हणाले, "घे माप." मी म्हटलं, जरा थांबू, गरम आहे.

ते काही बोलले नाहीत. पण मला वाटतं नोकरी तिथंच लागली. 40 चा स्टीलचा शाफ्ट खोलीपेक्षा 30 डिग्री गरम असेल तर 14 मायक्रॉन मोठा दिसतो. टॉलरन्सच 16 चा असताना त्या मापाला काय अर्थ आहे? गरम मापून ऑफसेट मारला की गार झाल्यावर बेअरिंग ढिलं बसणार. जॉब सरफेस प्लेटवर ठेवला, तोपर्यंत शेठनी चहा मागवला. चहा होईपर्यंत त्यांनी गाव विचारलं, पाऊस-पाणी विचारलं, लग्न झालंय का विचारलं. ब्रेकबद्दल एक अक्षर नाही. नंतर माप घेतलं, मधोमध आलं.

"उद्यापासून ये. पगार एक तारखेला, रविवार सुट्टी. सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांग, एवढंच."

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. ब्रेक नाही. मुलगी अंगणवाडीत जाते, खोली कॉट बेसिसची नाही, आपली आहे, भाड्याची का होईना. पगार चाकणच्या ओव्हरटाइमसकटच्या पगारापेक्षा थोडा कमीच पडतो, पण बाराही महिने येतो.

फक्त एक आहे. आमच्या वर्कशॉपात शेठ सोडून पंधरा माणसं. पीएफचा कायदा 20 माणसांपासून लागतो. म्हणजे इथं पीएफ नाही. ईएसआयसी, म्हणजे कामगाराचा आजारपणाचा विमा, आहे, 10 वर लागतं ते. पण त्या सर्व्हिस हिस्टरीच्या पानावर माझी शेवटची नोंद या कामाच्या आधीची आहे. कामाला लागल्यापासूनच्या आयुष्यातली सगळ्यात लांब, एकसंध नोकरी, आणि कागदावर तिच्या जागी सगळ्यात मोठी गॅप. उद्या कुठं अर्ज केला तर पुन्हा एखाद्या मॅडम पाणी देऊन विचारतील, मग या काळात काय करत होतात?

20 पेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुतेक कामगार तयार असतील तर स्वखुशीने पीएफ लावून घेता येतो. हे मी शेठना दिवाळीच्या आधी सांगितलं. पंधरापैकी अकरा जण हो म्हणालेत. उरलेल्या चौघांना हातात येणारा पगार कमी व्हायला नकोय, आणि त्यांचंही बरोबर आहे. शेठ म्हणाले, सीएला विचारून सांगतो. सीए मार्चएंड झाल्यावर बघतो म्हणालाय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा विषय काढणार आहे, जॉब गार होत असताना.