आमच्या धरणासाठी अभियंते नेमताना: माझा अनुभव

आमच्या पाणी वापर संस्थेच्या मालकीचे एक मातीचे धरण आहे. त्याची उंची १२ मीटर आहे, एका टोकाला पुराचे जादा पाणी वाहून जाण्यासाठी २० मीटर रुंदीचा सांडवा आहे आणि मातीच्या भरावाच्या पोटातून विमोचकाची, म्हणजे साठ्यातले पाणी खाली सोडण्याची, नलिका जाते. मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच, अथवा ५ ते १५ मीटर उंचीचे पण ३० लाख घनमीटरांहून अधिक पाणी साठवणारे धरण ‘मोठे’ ठरते. आमचे धरण यातल्या कशातच बसत नाही आणि बहुधा त्यामुळेच बांधून झाल्यापासून त्याची मुळापासून तपासणी कधी झाली नव्हती. मी संस्थेचा सचिव झालो त्याच वर्षी नियामक यंत्रणेचे पत्र आले की, धरण सुरक्षेच्या निकषांची पूर्तता होते किंवा नाही याचा पात्र अभियंत्यांकडून घेतलेला अहवाल मुदतीत सादर करावा. या कामात मला जे शिकावे लागले ते अशाच लहान धरणाची जबाबदारी अंगावर असलेल्या इतरांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक आम्हीच केली. पत्र आल्यावर आम्ही चार-पाच ठिकाणी एका ओळीची मागणी पाठवली: धरणाची पाहणी करून सुरक्षिततेचा दाखला द्यावा, दर कळवावा. तीन उत्तरे आली. सर्वांत कमी दर देणाऱ्याने एका दिवसाच्या पाहणीनंतर आठवड्याभरात दाखला देण्याची तयारी दाखवली होती आणि बैठकीत बहुतेकांचा कल त्याच्याकडेच होता. मला मात्र एकच गोष्ट खटकत होती. धरण पाहण्याआधीच दाखला मिळेल हे त्याला कसे ठाऊक? ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो येथील खाणीच्या गाळाचे धरण २५ जानेवारी २०१९ रोजी कोसळले आणि २७० माणसे दगावली. ते धरण स्थिर असल्याचा दाखला त्याआधी काही महिन्यांपूर्वीच दिला गेला होता. हे मी बैठकीत वाचून दाखवले आणि विचारले की, आपल्याला कागद हवा आहे की उत्तर? बरीच चर्चा झाली, पण अखेर ती मागणी मागे घेण्याचे ठरले.

नव्या मागणीत कामाची व्याप्ती लिहायला मला तीन आठवडे लागले. तो वेळ वाया गेला असे मला आजही वाटत नाही, कारण अहवालात काय येणार हे बहुतांशी या कागदावरच ठरते. अमेरिकेतील ओरोव्हिल धरणाचा सांडवा फेब्रुवारी २०१७ मध्ये उखडला आणि खालच्या भागातील सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर स्वतंत्र तज्ज्ञांच्या गटाने जे कारण शोधले ते आमच्या फार उपयोगी पडले. त्या धरणाची पाहणी नियमितपणे होत असे. पण डोळ्यांनी केलेली पाहणी पुरेशी नसते, मूळ संकल्पन आणि बांधकामाच्या नोंदी आजच्या ज्ञानाच्या आधारे पुन्हा तपासाव्या लागतात, असे त्या गटाने स्पष्ट नोंदवले. म्हणून आम्ही व्याप्तीत पाहणीच्या आधी कागदपत्रांचा अभ्यास ठेवला. त्यानंतर पुराचे नव्याने गणित, सांडव्याची क्षमता, भरावाच्या दोन्ही उतारांची स्थिरता, पाझराचे मोजमाप, विमोचकाच्या नलिकेची आतून कॅमेऱ्याने तपासणी आणि धरण फुटल्यास पाणी कुठवर व किती वेळात पोहोचेल याचा नकाशा, असा क्रम लावला.

दोन अटींवर मी विशेष आग्रह धरला. तपासणी करणाऱ्याला पुढचे दुरुस्तीचे काम मिळणार नाही, ही पहिली. दोष शोधणाऱ्याचा दोष असण्यात किंवा नसण्यात काहीही फायदा असू नये, एवढाच त्यामागचा विचार होता. दुसरी अट अशी की, अहवालात प्रत्येक निकषापुढे ‘पूर्तता होते’, ‘होत नाही’ किंवा ‘ठरवण्यास माहिती अपुरी’ यांपैकी एक उत्तर द्यावे आणि ‘सर्वसाधारणपणे समाधानकारक’ असे शब्द वापरू नयेत. दराचे पाकीट तांत्रिक गुणांकनानंतरच उघडण्याचे ठरले. ज्यांचा अनुभव प्रस्तावात दाखवला आहे तेच अभियंते प्रत्यक्ष धरणावर येतील, हेही करारात नावांनिशी घातले. कारण प्रस्तावात ज्येष्ठांची नावे आणि धरणावर नवशिका माणूस, असा प्रकार शेजारच्या एका संस्थेने अनुभवला होता.

या वेळी उत्तरे दोनच आली. एका प्रस्तावात सुबक छापलेली माहितीपत्रके होती. दुसऱ्याबरोबर तीन पाने नुसते प्रश्न होते: भरावाचा गाभा कोणत्या मातीचा आहे, पायातील चर खडकापर्यंत नेला होता का, नलिकेभोवती काँक्रीटचे वेष्टण आहे का, पाया खोदताना झरे लागले होते का, सर्वांत मोठ्या पुरात पाणी माथ्यापासून किती खाली होते. यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे नव्हती, आणि ती नाहीत हे आम्हाला त्या पानांमुळेच कळले. आम्ही त्या गटाला काम दिले. त्यांचा दर अधिक होता. तरीही कोणाला असे काम द्यायचे असेल तर उत्तरांपेक्षा प्रश्न कोणते आले ते आधी पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मूळ नकाशे शोधण्यात महिना गेला. कार्यालयात एकही मिळाला नाही. शेवटी, बांधकामावर देखरेख करणाऱ्या एका दिवंगत सभासदांच्या घरी पत्र्याच्या पेटीत संकल्पचित्रांची गुंडाळी आणि त्यांची रोजची वही सापडली. त्या वहीतल्या एका नोंदीत नलिकेच्या दोन्ही बाजूंना माती हाताने धुमसल्याचे लिहिले होते, कारण तिथे रोलर पोहोचत नव्हता. मला ती नोंद साधी वाटली होती. गटप्रमुख बाईंनी ती दोनदा वाचली आणि लगेच कॅमेऱ्याच्या तपासणीची तारीख अलीकडे आणली.

त्यांचे म्हणणे असे की, मातीची धरणे फुटण्याची कारणे शोधली तर बहुतेक वेळा दोनच हाती लागतात: माथ्यावरून पाणी वाहणे, किंवा पाण्याने आतून माती धुऊन नेणे. आतल्या धुपीला नलिकेची बाजू हा सोपा रस्ता मिळतो, कारण कठीण नलिका आणि नीट न दबलेली माती यांच्यात फट राहू शकते. अमेरिकेतील टीटन धरणात धूप नलिकेपाशी नव्हे तर उजव्या बाजूच्या खडकालगत झाली, पण तिचा वेग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ५ जून १९७६ रोजी सकाळी सातच्या सुमारास तिथे गढूळ पाझर दिसला आणि दुपारचे बारा वाजण्याआधी ९३ मीटर उंचीचे धरण फुटलेले होते. हे ऐकल्यापासून ‘थोडी गळती तर असतेच’ हे आमच्याकडचे नेहमीचे वाक्य मी उच्चारलेले नाही.

प्रत्यक्ष पाहणी तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी त्या पूर्ण वेळ भरावाच्या पायथ्याने चालत होत्या, आणि आमचा चौकीदार व मी मागे होतो. एका ठिकाणी गवत आजूबाजूपेक्षा हिरवे होते. त्या तिथे गुडघ्यांवर बसल्या, हाताने गवत बाजूला केले, बोटभर खळगा करून त्यात साचलेले पाणी काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग बाटली तशीच एका दगडावर ठेवून दिली आणि अर्ध्या तासाने तळाशी काही बसले आहे का ते पाहिले. पाणी स्वच्छ होते. “पाझर असण्याची भीती नाही,” त्या चौकीदाराला म्हणाल्या, “पाझर वाढला, किंवा त्याच्याबरोबर माती यायला लागली, तर रात्र असो की दिवस, मला फोन करा.” तो म्हणाला, “पण मॅडम, वाढला हे मला कळणार कसं?” त्यावर त्याच आठवड्यात पायथ्याच्या चरात नव्वद अंशांची व्ही-नॉच पट्टी, म्हणजे वाहते पाणी मोजण्यासाठी ‘व्ही’ आकाराची खाच असलेली पट्टी, बसवली गेली. खाचेवरून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असली की सेकंदाला साधारण पाऊण लिटर पाणी जाते आणि ६ सेंटिमीटर झाली की सव्वा लिटरच्या जवळपास. एका सेंटिमीटरने विसर्ग दीडपटीहून अधिक होतो, म्हणून नोंद मिलिमीटरमध्येच घ्यायची, हे त्यांनी त्याच्याकडून चार वेळा मोजून घेऊन पक्के करून घेतले.

सांडव्यावर जे निघाले त्याची जबाबदारी पूर्णपणे आमची होती. काही वर्षांपूर्वी, साठा थोडा वाढावा म्हणून, संस्थेच्याच ठरावाने सांडव्याच्या उंबऱ्यावर ४५ सेंटिमीटर उंचीची काँक्रीटची कड बांधली गेली होती. मूळ उंबऱ्यापासून भरावाच्या माथ्यापर्यंतचे अंतर दीड मीटर होते. कडेमुळे ते १.०५ मीटर उरले. अंतर तीन दशांशाने कमी झाले तर क्षमताही तेवढीच घटली असेल, असे मी धरून चाललो होतो. बाईंनी वहीवर गणित करून दाखवले. सांडव्यावरून जाणारे पाणी खोलीच्या दीड घाताने बदलते. त्यामुळे पाणी माथ्याला टेकेपर्यंत पूर्वी सेकंदाला सुमारे ६२ घनमीटर विसर्ग होऊ शकत होता, तो आता सुमारे ३६ घनमीटरवर आला होता. थोड्याशा जादा पाण्यासाठी आम्ही पुराची वाट दोन पंचमांशाने बुजवली होती. ती कड अहवालाची वाट न पाहता दहा दिवसांत फोडून काढली. त्या बैठकीत एकानेही विरोध केला नाही, याचे मला मनापासून समाधान आहे.

धोक्याच्या वर्गाविषयी माझा गैरसमज होता. धरण मजबूत असेल तर वर्ग कमी, असे मी समजत होतो; प्रत्यक्षात तो वर्ग धरणाच्या अवस्थेवर ठरत नाही, ते फुटले तर खाली काय आहे यावर ठरतो. धरण बांधले तेव्हा खाली फक्त शेते होती. आता तिथे वस्ती आणि एक शाळा आहे. वर्ग बदलला आणि त्यासोबत सांडव्याने पेलायचा संकल्पित पूरही मोठा झाला. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर हा शब्दप्रयोगही फसवा आहे, हे याच वेळी कळले: असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते, पण तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. कड काढल्यानंतरही आमचा सांडवा नव्या पुराला अपुरा पडतो. तो रुंद करावा लागणार आहे.

कॅमेऱ्याने नलिकेत एक सांधा उघडलेला दाखवला. भरावाच्या साधारण मध्यावर, दोन नळांच्या मध्ये बोटभर फट होती आणि तिच्या खालच्या कडेला बारीक पिवळट मातीचा थर साचला होता. चित्र पडद्यावर आले तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही. हीच ती जागा, जिथे माती हाताने धुमसल्याची नोंद होती. माती आत येत होती, म्हणजे भरावाच्या पोटात कुठेतरी तेवढी पोकळी तयार होत होती.

मसुदा अहवाल आल्यावर खरी कसोटी लागली. एकूण निकषांपैकी पाचांची पूर्तता होत नव्हती आणि चारांपुढे ‘माहिती अपुरी’ असे होते. अहवाल असाच सादर केला तर पाणी सोडण्यावर बंधने येतील, म्हणून भाषा थोडी मवाळ करून घ्यावी, असे कार्यकारिणीतील दोघांनी सुचवले. त्यांची काळजी खोटी नव्हती. पाण्यावर त्यांची शेती उभी आहे. पण मी नकार दिला आणि बाईंनीही एकही शब्द बदलला नाही. तथ्यांत चूक असेल तर दाखवा, निष्कर्ष आमचा आहे, एवढेच त्या म्हणाल्या. ‘माहिती अपुरी’ असलेल्या चार ओळींमुळेच आम्हाला भरावात छिद्रे घेऊन मातीचे नमुने तपासण्याचा आणि भरावातील पाण्याचा दाब मोजणारे पीझोमीटर बसवण्याचा पुढचा टप्पा मंजूर करून घेता आला.

नियामक यंत्रणेने अहवाल स्वीकारला आणि दुरुस्ती होईपर्यंत साठा उंबऱ्याच्या तीन मीटर खाली ठेवण्याचे बंधन घातले. पाणी एकदम उतरवले तर भिजलेला आतल्या बाजूचा उतार घसरू शकतो, म्हणून रोज ठरावीक सेंटिमीटरच उतरवत आम्ही त्या पातळीला पोहोचलो. सांध्याच्या दुरुस्तीची निविदा निघाली आहे. बाहेरच्या उतारावर आम्हीच हौसेने लावलेली झाडे मात्र अजून उभी आहेत. मोठी मुळे कुजली की त्यांच्या जागी पाण्याला वाट मिळते, त्यामुळे ती मुळांसकट काढून खड्डे थरांनी दाबून भरावे लागतील, आणि ते काम साठा कमी असतानाच करायचे आहे. चौकीदाराची वही दर सोमवारी माझ्याकडे येते. गेल्या सोमवारची नोंद ४१ मिलिमीटर होती. त्यापुढे त्याने स्वतःहून ‘पाणी नितळ’ असे लिहिले होते.