पोट भरलं का?

लेकीने टोकियोत मला एका छोट्या फ्रेंच-जपानी हॉटेलात नेलं, हे नव्या पेठेत सगळ्यांना कळलंय. तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारतो, “काकू, ताटलीत घासभरच वाढतात म्हणे. पोट तरी भरलं का, सांगा की!” तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

भरलं. अगदी तडस लागेपर्यंत. घास लहान, पण एकामागून एक येतच राहतात, आणि मधे पाव-लोणी. लोण्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, कालवलेलं. त्याच्यासोबत मी किती पाव संपवला ते लेकीला विचारू नका.

हे घासभर वाढणं फ्रेंचांनी थोडंफार जपानकडूनच उचललंय. १९७०च्या दशकात पॉल बोक्यूजसारखे फ्रेंच शेफ ओसाकात शिकवायला गेले, तिथलं कायसेकी जेवण, म्हणजे बेताबेताने येणारे छोटे पदार्थ, त्यांनी पाहिलं. उलट बाजूने केई कोबायाशी पॅरिसला गेला आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये तीन मिशेलिन तारे, म्हणजे हॉटेलांसाठीचा सर्वोच्च मान, मिळवणारा पहिला जपानी शेफ ठरला. तेव्हा ‘फ्युजन’, म्हणजे दोन देशांच्या स्वयंपाकाची सरमिसळ, म्हटलं की नाक मुरडू नका.

आता म्हणाल, घासभर जेवणाला पैसे कशाचे? हॉटेल म्हणजे एक लाकडी काउंटर, अलीकडे मोजक्या खुर्च्या, पलीकडे शेफ. हुरड्याला आपण आगटीभोवती बसतो, भाजणारा कणीस चोळून गरम दाणे हातावर देतो आणि आपलं खाणं बघून पुढचं कणीस आगटीत घालतो, अगदी तसंच. आमची ताटली रिकामी होत आल्याशिवाय पुढचा मासा तव्यावर पडत नव्हता. ज्योएल रोब्युशाँ या फ्रेंच शेफने २००३ मध्ये टोकियोत आणि पॅरिसमध्ये काउंटरवालं हॉटेल काढलं, ते काही अंशी सुशीच्या दुकानांवरूनच.

आणि तो मासा! फ्रेंचांच्या बऱ्याच सॉससाठी हाडं तासन्तास उकळतात. जपानी दाशी, म्हणजे तिथला पातळ रस्सा, अर्ध्या तासात होते: कोम्बू हे समुद्री शेवाळ पाण्यात हळूहळू तापवायचं, उकळी फुटायच्या आत काढायचं, मग सुकवलेल्या माशाचा कीस, कात्सुओबुशी, घालून गाळायचं. त्या दाशीत लोणी फेटून वर युझू या जपानी लिंबाचा रस. एवढं लोणी असूनही जड नाही, आणि चव रेंगाळते. ही कोम्बूतल्या ग्लुटामेट या चव आणणाऱ्या घटकाची करामत, टोकियोतल्याच इकेडा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ओळखलेली.

फोआ ग्रा घातलेलं चवानमुशी मात्र रुचलं नाही. वाफवलेलं अंडं मऊ, त्यात बदकाचं यकृत त्याहून मऊ. दाताला काम काय? तिखटाचा तर पत्ताच नाही. मुक्कामाच्या खोलीवर परतल्यावर पिशवीतली शेंगा चटणी काढलीच.

शाकाहारी असाल तर टेबल राखतानाच सांगून ठेवा. कात्सुओबुशी रश्श्यात दिसत नाही, भाजीच्या पदार्थातही असते. आधी सांगितलं तर कोम्बू आणि शिताके मशरूमची दाशी करून देऊ शकतात. आयत्या वेळी तिथे बसून सांगितलंत तर शेफ तरी काय करणार?