कार्लाईलचं मैदान

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियमची खचाखच भरलेली गॅलरी येते. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल मला इथे येऊन दहा वर्षं झाली तरी फारसा कळत नव्हता. तरीही गेल्या शनिवारी लेकीला घेऊन न्यू जर्सीहून पहाटेच निघालो. पेनसिल्व्हेनियातलं कार्लाईल गाठायचं होतं, ते अमेरिकेतल्या मूळनिवासी मुलांच्या एका जुन्या फुटबॉल संघासाठी.

गावच्या चौकात जुन्या कोर्टाजवळ त्या संघातला खेळाडू जिम थॉर्प याच्या नावाचा दगड आहे. थॉर्प ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स या मूळनिवासी जमातीचा. जुलै १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिम्पिकात त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं घेतली, आणि परत येऊन आपल्या शाळेच्या संघातून फुटबॉल खेळायला उतरला.

शाळा कुठली, तर कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. इंडियन म्हणजे इथे अमेरिकेतले मूळनिवासी. १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने लष्कराच्या जुन्या छावणीत ती काढली. मूळनिवासी जमातींची मुलं घरापासून शेकडो मैल दूर आणायची, केस कापायचे, भाषा बंद करायची, नावं बदलायची. आणि याच मुलांचा संघ हार्वर्ड, पेन, सिराक्यूज अशा बड्या विद्यापीठांशी भिडायचा.

१९१२ चा हंगाम तर बघण्यासारखा. चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. व्हिलानोव्हाला ६५–०. आदल्या वर्षी एका गुणाने हरवणाऱ्या सिराक्यूजला ३३–०. त्याच वर्षी नियम बदलून टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे, पाचाऐवजी सहा गुण झाले होते आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार संधी मिळू लागल्या होत्या. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांची मुलं समोरच्या दणकट संघांपेक्षा हलकी, पण चपळ. म्हणून त्यांनी दोन्ही कडांना एकेक गडी उभा करून नवी रचना बसवली. चेंडू नेमका कुणाच्या हातात आहे, हेच समोरच्याला कळेना.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटवर आर्मीशी, म्हणजे तिथल्या लष्करी अकादमीच्या संघाशी सामना. या मुलांच्या आजोबांवर याच लष्कराने बंदुका रोखल्या होत्या, आणि वुंडेड नी इथे लष्कराने केलेल्या मूळनिवासींच्या कत्तलीला तेव्हा बावीस वर्षंही झाली नव्हती. कार्लाईल २७–६ ने जिंकलं. थॉर्पला अडवायला धडपडणाऱ्या आर्मीच्या पोरांत ड्वाइट आयझेनहॉवरही होता, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच. पुढच्याच आठवड्यात पेनकडून ३४–२६ अशी हार झाली, पण ते मला महत्त्वाचं वाटत नाही.

छावणी अजून लष्कराच्याच ताब्यात आहे. ओळखपत्र दाखवून आत गेलो. मैदान आहे तिथेच आहे, नावही जुनंच, इंडियन फील्ड. एक सैनिक कडेने धावत होता. मी गवतात वाकून हात टेकवला. तालमीत शिरताना मातीला हात लावायची लहानपणची सवय अजून गेलेली नाही.

मग रस्त्यालगतच्या दफनभूमीशी आलो. पांढरे, सारख्या उंचीचे दगड, ओळीने. कोवळ्या वयात इथेच आजारपणात गेलेली मुलं. १९२७ मध्ये त्यांची थडगी मूळ जागेवरून इकडे हलवली. काही दगडांवर नाव आणि जमात, काहींवर नुसतं ‘अज्ञात’. एका दगडापाशी कुणीतरी छोटं प्लॅस्टिकचं अस्वल, तीन नाणी आणि लाल कापडात बांधलेली तंबाखूची पुरचुंडी ठेवली होती. अस्वलाच्या कानात दव साचलं होतं.

“बाबा, यांच्या आईबाबांना कळलं होतं का?”

काही जमातींनी आपली मुलं आता परत नेली आहेत, २०१७ पासून एकेक करून, आपल्या मातीत पुरायला. लेकीला ते सांगितलं. तिने दप्तरातून चॉकलेट काढलं आणि ‘अज्ञात’ लिहिलेल्या दगडापाशी, वारा लागणार नाही अशा बाजूला, ठेवलं.