जोडताच रिकामा होणारा तुकडा

मार्चमध्ये रत्नागिरीजवळच्या एका बागायतदारासाठी हापूसच्या दरांचे वेबपान तयार करत होतो. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्यांच्या ओळी वरच्या तक्त्यात दाखवायच्या आणि त्याच ओळी तळाशी, छपाईसाठीच्या तक्त्यात, पुन्हा द्यायच्या, एवढेच काम होते. सगळ्या ओळी मी एका डॉक्युमेंट फ्रॅगमेंटमध्ये, म्हणजे पानाचे सुटे घटक तात्पुरते धरून ठेवणाऱ्या तुकड्यात, गोळा केल्या, तो वरच्या तक्त्याला जोडला आणि मग तोच खालच्या तक्त्याला जोडला. वरचा तक्ता भरला, खालचा कोराच राहिला, आणि ब्राउझर चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये एरर म्हणून काहीही उमटले नाही.

दोष माझाच होता. डॉम म्हणजे ब्राउझरने ठेवलेली पानाची झाडासारखी रचना; तिच्यात प्रत्येक नोडला, म्हणजे घटकाला, एकच पालक असू शकतो, त्यामुळे एका जागी असलेला नोड दुसरीकडे जोडला की तो पहिल्या जागेवरून निघतो. फ्रॅगमेंट हाही एक नोडच असतो, पण त्याला स्वतःला पालक कधीच नसतो; तो जोडला म्हणजे त्याची मुले नव्या घरी जातात आणि तो रिकामा होऊन मागे उरतो. १९९८च्या ऑक्टोबरात वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्य केलेल्या डॉमच्या मानकाच्या पहिल्या पातळीपासून ही व्यवस्था अशीच आहे. रिकामा फ्रॅगमेंट जोडणे हा गुन्हा नसल्याने ब्राउझरने तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे कलमे बांधणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, कारण एक काडी दोन खुंटांवर बसत नाही हे त्याच्या हातालाच ठाऊक असते.

मग मी नोडची प्रत काढणाऱ्या क्लोननोडला ‘ट्रू’ देऊन फ्रॅगमेंटची सखोल, म्हणजे आतल्या मुलांसकट, प्रत काढली आणि मूळ फ्रॅगमेंट खाली जोडून ती प्रत वर लावली. दोन्ही तक्ते दिसू लागले, मात्र वरच्या ‘मागणी नोंदवा’ या बटणांवर टिचकी मारली तर काहीच होईना, कारण अ‍ॅडइव्हेंटलिसनरने लावलेले श्रोते, म्हणजे टिचकी ऐकून काम करणारी फंक्शन्स, प्रतीबरोबर येत नाहीत. याउलट ओळींचे आयडी, म्हणजे पानावर एकदाच यावीत अशी ओळखनावे, मात्र जसेच्या तसे आले आणि एकाच पानावर एकेका आयडीचे दोन धनी झाले. नको ते आले आणि हवे ते राहिले, असा तो प्रकार होता.

ओळी एचटीएमएलच्या मजकुरातून घडवण्याचा प्रयत्नही मी आधी केला होता. तक्त्याच्या ओळीचा मजकूर डिव्ह या साध्या कप्प्याच्या इनरएचटीएमएलमध्ये, म्हणजे आतल्या मजकुरात, टाकला की मजकूर वाचून घटक घडवणारा पार्सर ओळीचे आणि रकान्यांचे टॅग गाळून टाकतो आणि हाती नुसते ‘पाच डझनी’ हे शब्द उरतात, कारण ओळीला तक्त्याचाच संदर्भ लागतो. टेम्प्लेट या, पानावर न दिसता नमुना साठवणाऱ्या, घटकात तोच मजकूर शाबूत राहतो, आणि त्याच्या आत जे साठते तेही फ्रॅगमेंटच असते. हे मला पूर्वीच ठाऊक असते, तर अर्धी रात्र वाचली असती.

फ्रॅगमेंट वापरल्याने पान वेगवान होते असे आवर्जून सांगितले जाते. आजचे ब्राउझर मांडणीची फेरगणना स्वतःच लांबणीवर टाकून एकत्र करतात, त्यामुळे चारपाच ओळींसाठी तो मुद्दा मला गौण वाटतो. अनेक भावंडे एका हाती धरता येतात आणि मध्ये फालतू डिव्ह शिरत नाही, हाच त्याचा खरा उपयोग आहे.

आता ओळीचा नमुना टेम्प्लेटमध्ये आहे, प्रत्येक तक्त्यासाठी त्याची ताजी प्रत निघते, आयडीच्या जागी पुन्हा आला तरी चालणारा डेटा गुणधर्म आहे आणि टिचक्या ऐकणारा श्रोता ओळीओळीवर न लावता तक्त्यावर एकच लावला आहे. नंतर बागायतदाराने पायरी आंब्याची ओळ वाढवायला सांगितली, तेव्हा एका जागी केलेला बदल दोन्ही तक्त्यांत दिसला.